हजेरीतलं पहिलं नाव

लुवेनिया गॅड्सडेनने छायाचित्र पडद्यावर मोठं केलं, आणखी मोठं केलं, आणि गार चहाचा ग्लास तिच्या हातातच राहिला.

खुर्चीत ताठ बसलेल्या मिस झिपोरा टॉलिव्हर. गळ्याशी उंच कॉलर, मांडीवर उघडं पुस्तक, नजर समोर. बेटावर हे चित्र न पाहिलेलं कुणी नव्हतं. चर्चशेजारच्या जुन्या शाळेत ते वर्गाच्या मागच्या भिंतीवर टांगलेलं होतं आणि लुवेनिया लहानपणी रविवारचे धडे त्याच्याच खाली बसून शिकली होती. पण तिथे ते उंचावर होतं, काचेवर सदा उजेड पडलेला असे. इतक्या जवळून तिने ते कधी पाहिलंच नव्हतं. बाईंच्या उजव्या खांद्यापलीकडे भिंतीवर एक पांढरा चौकोन होता. त्याला ती आजवर खिडकी समजत आली होती. ती खिडकी नव्हती. आरसा होता, आणि त्यावर चादर टाकलेली होती.

साऊथ कॅरोलायनाच्या या किनाऱ्यावर आरसा एकाच कारणासाठी झाकतात. घरात मयत असेपर्यंत.

तिने ग्लास खाली ठेवला आणि चित्र हातांपर्यंत सरकवलं. तीस वर्षं तिने इस्पितळात, शवविच्छेदनाच्या प्रयोगशाळेत काढली होती. रक्त नखांच्या मुळाशी कसं आणि केव्हा साकळतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पुस्तकावरची बोटं पुस्तक धरत नव्हती. मनगटावरून गेलेली काळी फीत खुर्चीच्या हाताला बांधलेली होती.

चित्राखाली ओळ होती : ‘मिस टॉलिव्हर आपल्या वर्गात, १९१२च्या सुमारास.’

लेख इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशासाठी होता. ओहायोतले डेलबर्ट नावाचे एक निवृत्त ग्रंथपाल. त्यांनी तो लिहिला होता आणि तपासणी लुवेनियाने अंगावर घेतली होती. तिने ‘मान्य’ म्हटलं की शाळेच्या स्थापनेच्या दिवशी तो पहिल्या पानावर येणार होता. काळ्या मुलांसाठी या बेटावर पहिली शाळा काढणारी बाई प्रथमच जगाला दिसणार होती. लुवेनिया कडक तपासनीस म्हणून ओळखली जाई. छापील आधार नाही, तर वाक्य बाद. कालच तिने एक वाक्य अडवलं होतं : ‘हजेरी घेताना बाई सर्वांत आधी स्वतःचंच नाव पुकारत आणि मुलं एका सुरात “हजर” म्हणत.’ समासात तिने विचारलं होतं, ‘आधार?’ डेलबर्टचं उत्तर सभ्य होतं : ‘ऐकीव आहे. वाक्य काढून टाकतो.’

उरलेल्या प्रत्येक वाक्याला आधार होता. शिक्षण खात्याचे अहवाल, जुनी वर्तमानपत्रं. सगळ्यांचं म्हणणं एकच, की झिपोरा टॉलिव्हर यांनी १९०६ मध्ये शाळा काढली आणि पुढे अठ्ठावीस वर्षं शिकवलं.

खुर्चीतली बाई जेमतेम पंचविशीची होती.

यूलाली आत्या पडवीत भेंडी चिरत बसली होती. तिने नव्वदी केव्हाच ओलांडली होती, पण सुरी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. डोक्यावर पडवीचं निळं छत, भुतांना ते पाणी वाटावं आणि ओलांडता येऊ नये म्हणून दर दोन वर्षांनी रंगवलेलं.

“आलीस? बस. माझ्याकडे कामाशिवाय कोण येतंय म्हणा.”

“आत्या, मिस झिपोरांच्या फोटोत आरसा झाकलाय.”

सुरी थांबली नाही. “अगं बाई! दिसला एकदाचा? आणि म्हणे ही प्रयोगशाळेत होती.”

“त्या मेलेल्या आहेत त्यात.”

“मग? जिवंतपणी फोटो काढायचे लाड इथे कुणाचे व्हायचे?”

लुवेनिया पायरीवर बसली. “मग तुम्हाला शिकवलं कुणी?”

आत्याने एक देठ अंगणात भिरकावलं. “शाळा काढून सात महिने झाले नाहीत, तापाने गेली ती. शिकवायचा परवाना तिच्या नावावर. आणि सोबत धाकटी बहीण, केतुरा. स्वयंपाकाला म्हणून आलेली. ती शिकलेली थोरलीइतकीच, पण परवाना नाही. परवाना नाही म्हटल्यावर शाळेला कुलूप. मग आईबापांनी ठरवलं. रविवारी पुरली, सोमवारी केतुरा फळ्यापुढे उभी राहिली. नाव झिपोरा.”

“आणि जिल्ह्याचा साहेब?”

“यायचा की वर्षातून एकदा. त्या गोऱ्याला आपल्या सगळ्या बायका सारख्याच दिसायच्या. तेवढा एक उपकार केला त्याने.”

दोघीही हसल्या. मग लुवेनियाने विचारलं, “आणि ती हजेरी?”

आता सुरी थांबली.

“ती स्वतःचं नाव पुकारायचीच नाही, पोरी. तिचं होतं कुठे ते? ती पुकारायची आणि आम्ही सगळी फोटोकडे वळायचो. वळायचंच, हं. मग म्हणायचं ‘हजर’. आम्हा पोरांना वाटायचं, प्रत्येक बाईची एक भिंतीवर असते आणि एक खाली.”

“आणि कुणी उत्तर दिलं नाही तर?”

“एकदा गोवर आला. सगळी पोरं घरी, मी एकटीच वर्गात. त्यात माझा घसा बसलेला. मिसनी नाव पुकारलं. मी वळले, तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.” आत्या टोपल्यातल्या भेंड्यांकडे बघत राहिली. “तरी हजेरी पुरी झाली त्या दिवशी. एवढंच सांगते.”

कुठेतरी दलदलीत पाणी ओसरत होतं. चिखलाचा वास पडवीपर्यंत आला.

“इतकी वर्षं बोलली नाहीस.”

“एकच पोर उरेपर्यंत बोलायचं नाही, असं मिसनी वदवून घेतलं होतं. फेब्रुवारीत मोझेस गेला. आता मीच.”

“मी त्या लेखाला मान्य कसं म्हणू, आत्या? सगळ्याला आधार आहे आणि सगळं खोटं आहे. खरं म्हणावं असं एकच वाक्य होतं, ते मी कालच काढायला लावलं.”

“मग घाल परत. आणि केतुराचंही घाल.”

“आधार नाही ना.”

“मी आहे की धडधाकट!”

“तू छापलेली नाहीस.”

आत्या खांदे हलेपर्यंत हसली. “येईन की छापून. मयतांच्या पानावर.” मग तिने विचारलं, “पेपरात आलं तर चालतं?”

“चालतं.”

“बरं. भेंडी घेऊन जा. आणि माहेरवाशिणीसारखी उशिरा येऊ नकोस रविवारी.”

वर्षातल्या त्या एका रविवारी बाहेरगावी गेलेले सगळे चर्चमध्ये परत येत. पांढरे कपडे, हातात पुठ्ठ्याचे पंखे, मागच्या अंगणात लाल भाताची पातेली. जिल्ह्याच्या साप्ताहिकाची बातमीदार मुलगी पुढच्या कोपऱ्यात वही घेऊन उभी होती. लुवेनियाला उशीर झालाच. ती शेवटच्या बाकावर, शाळेच्या बाजूच्या भिंतीला लागून बसली. बाक रिकामा होता.

प्रार्थना संपली आणि रिवाजाप्रमाणे शाळेची हजेरी सुरू झाली. ती जुन्या विद्यार्थ्याने घ्यायची. यूलाली आत्याला खुर्चीसकट पुढे आणलं.

“झिपोरा टॉलिव्हर.”

“हजर,” सगळं चर्च म्हणालं.

मग मुलांची नावं. गेलेल्यांच्या नावाला नातवंडं, पतवंडं उठून उत्तर देत होती. मोझेसच्या नावाला त्याची मुलगी उठली आणि रडत खाली बसली. शेवटी स्वतःचं नाव घेऊन आत्याने स्वतःच ‘हजर’ म्हटलं. लोक हसले. आता उठायचं म्हणून पर्सेस शोधू लागले.

“बसा. एक नाव राहिलंय,” आत्या म्हणाली. “अठ्ठावीस वर्षं तिने बहिणीचं नाव पुकारलं. तिचं कुणी पुकारलं नाही.” आणि थोरलीचा ताप, परवाना, सोमवारची शाळा, सगळं तिने दोन-चार वाक्यांत, भाजीचा भाव सांगावा तसं सांगून टाकलं. बातमीदार मुलगी भराभर लिहीत होती.

“केतुरा टॉलिव्हर.”

पंखे थांबले. हे नाव कुणाच्याच घरचं नव्हतं. आत्या मान उंच करून लोकांवरून थेट शेवटच्या बाकाकडे बघत होती. कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं.

“हजर,” लुवेनिया म्हणाली. आपला आवाज तिला नेहमीपेक्षा भरदार वाटला. भिंत जवळ होती म्हणून असेल.

साप्ताहिक गुरुवारी आलं. बातमी तिसऱ्या पानावर, चांगली दोन रकाने. केतुराची सगळी हकीकत होती, आत्याच्या तोंडची हजेरीची रीतही होती. लुवेनियाने समाधानाने लेख उघडला. चित्राखालची ओळ बदलली. डेलबर्टनी काढलेलं वाक्य दुरुस्त करून परत घातलं, केतुराचा परिच्छेद घातला आणि आधार म्हणून साप्ताहिकाचं नाव, तारीख, पान लिहिलं. मग सवयीप्रमाणे मूळ बातमी शेवटपर्यंत वाचली.

‘केतुरा टॉलिव्हर हे नाव पुकारताच शेवटच्या बाकावरच्या दोन स्त्रियांनी एकदम “हजर” असं उत्तर दिलं.’

तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. मग साप्ताहिकाच्या कचेरीत फोन लावला.

“हो, मॅडम, मीच लिहिली ती बातमी,” मुलगी म्हणाली. “तुम्ही आणि तुमच्या शेजारच्या, त्या उंच कॉलरच्या बाई. त्या आधी बोलल्या, लगेच तुम्ही. नाव विचारायला मी मागे आले, तोवर त्या गेल्या होत्या. काही चुकलंय का? पुढच्या अंकात दुरुस्ती छापते.”

पडद्यावर ‘मान्य’ची खूण तिची वाट बघत होती. समासात तिचा स्वतःचा जुना प्रश्न अजून तसाच होता, ‘आधार?’ तिने तो पुसला.

“मॅडम? छापू ना दुरुस्ती?”

“नको,” लुवेनिया म्हणाली. “बरोबर छापलंय.”