दोन टकांमधली सवड

भीमाच्या उसाला तारेचं कुंपण आलं, तेव्हापासून निकिताचा जुना रेडिओ टकटकत होता. कुठलंही स्टेशन लावा, गाण्यामागे टक… टक. रानडुकरं अडवायला तारेत विजेचे झटके सोडणाऱ्या झटका मशीनचा तो प्रताप. भीमाशी, म्हणजे चुलतदिराशी, त्यावरून भांडणही झालेलं. पण कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या निकिताला त्या टकटकीचा आतून धीर वाटायचा. झटक्याचा दाब एकदम उभा चढतो, पापणी लवायच्या आत तसाच उभा खाली येतो, म्हणून त्याची टक सगळ्या स्टेशनांवर पसरते. पुढच्या टकेपर्यंत तार मोकळी. चुकून धरलेला हात तेवढ्यात सुटतो.

आज सकाळी टकटक गेली आणि रेडिओ सलग गुरगुरायला लागला.

तिनं अंगणातल्या लेकीला, शर्वीला, काखोटीला मारलं आणि बांध गाठला. पोरगी नुकती चालायला लागलेली, अंगणाला लागून तार.

"भावजी, मशीन काढलं का?"

"जळालं. पाण्याच्या मोटारीच्या पेटीतनं डायरेक जोडलंय," भीमा म्हणाला. "तुमची टकटक गेली ना? आता सुखानं ऱ्हावा."

"ही तार माणूस मारील."

"मशीन आठ हजार व्होल्टचं हुतं, वहिनी. हे दोनशे तीस. कमीच केलं की. कॉलेजात काय शिकलात मग?"

"आठ हजार, पण क्षणभर. मध्ये हात सोडवायला सवड होती. ही तार धरली की सोडणार नाही. पोरगी खेळते इथं."

"मग बांधून ठिवा पोरीला. रान आमचं हाय."

आवाज ऐकून भीमाची आई लंकाबाई उसातून तरातरा आली, हातात गवताचा विळा. "आमच्या बांधावर काय गं बोंबलतीस? थांब, तिकडंच येते." विळा टाकून तिनं तार उचलायला हात पुढं केला. दोन टकांच्या मधे तार उचलून ती रोज अशीच पलीकडे यायची. एखाद्या वेळी झटका बसला, तर मशीनला शिवी.

"आये, हात लावू नको. मरशील." भीमाचा आवाज फाटला.

हात तारेपाशीच थांबला.

"कमीच केलंय ना, भावजी?" निकिता म्हणाली. "मग आईला का अडवलं?"

भीमा पेटीकडे चालू लागला.

"सकाळधरनं हितं गवत कापतीय," लंकाबाई त्याच्या पाठीला म्हणाली, "आन् मला सांगितलं न्हाईस." मग निकिताकडे वळून, "तू जा आता. तमाशा झाला."

निकिता घरी आली. रेडिओची गुरगुर थांबलेली होती. तरी शर्वीला तिनं खाली सोडलं नाही. नवं मशीन बसून टकटक परत ऐकू येईपर्यंत दार आतून लावलेलंच राहिलं. दोन्ही घरांतलं बंद पडलेलं बोलणं मात्र तेव्हाही सुरू झालं नाही.