माझ्या झाकणावरची मुंबई

मी एक जुनी लाकडी पेटी आहे, आणि मुंबई महाराष्ट्राला मिळाली ती माझ्यामुळे. हसू नका, मित्रांनो. यावर आजवर कोणी विश्वास ठेवलेला नाही, तुम्हीही ठेवणार नाही. पण ऐकून तर घ्या. कुंदा, झाकणावरचा हात काढ आधी, मला गुदगुल्या होतात.

ही कुंदा राजारामची धाकटी मुलगी. राजाराम तो, खिडकीशी पेपर वाचतोय. आणि तांदूळ निवडतेय ती त्याची बहीण, तुमची बकुळाआत्या. तेव्हा ती आत्या नव्हती, काळाचौकीच्या याच खोलीतली सतरा वर्षांची पोर होती.

माझ्या फळ्या चहाच्या खोक्याच्या. गिरणीच्या सुतारखात्यातल्या गुणाजीने त्या जोडल्या. ज्या झाडाच्या त्या फळ्या, त्या झाडाला आसामातला एक वाघ रोज पाठ घासायचा. माझी बिजागरी कुरकुरते असं लोक म्हणतात. ती कुरकुर नाही, गुरगुर आहे.

राजाराम गिरणीच्या घडीखात्यात होता. कापडाच्या ताग्यांवर डकवायची रंगीत तिकिटं असत: हत्ती, मोर, पंखवाल्या पऱ्या. त्यातली डागाळलेली तो बहिणीसाठी घरी आणायचा आणि ती नखं कापायच्या बाकदार कात्रीने एकेक चित्र कापून जपून ठेवायची. पुढे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. सत्याग्रहाला निघताना राजाराम उंबऱ्यात वळून म्हणाला, "बकु, आम्ही मुंबईसह महाराष्ट्र मिळवून आणतो. तू तोवर घरात बसून हत्ती चिकटव."

सगळे हसले. बकुळा हसली नाही.

राजाराम तुरुंगात गेला. इकडे बकुळाने ठरवलं, दादा सुटून आला की त्याचा सत्याग्रहाचा बिल्ला आणि हाराची फुलं ठेवायला एक पेटी करायची. अशी करायची की त्याने ते वाक्य मुकाट्याने परत घ्यावं. मग गुणाजीकडून मला मागून आणलं.

मैदा पाण्यात कालवून तिने मंद आचेवर खळ शिजवली. झुरळांनी चाटू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाकलं. आई राधाबाई ओरडली, "गो, विष ता! माझ्या तव्याजवळ हाडू नको!" बकुळाने मला काचकागदाने घासलं, चित्रं चिकटवली, ओल्या फडक्याने दाबली, आतली हवा सुईने काढली. वरून पॉलिशला चपडा लाख आणि स्पिरिट हवं होतं. ते गुणाजीने आणलं. दिवस दारूबंदीचे. शर्टात बाटली लपवून तो जिना चढला तेव्हा वाटेत चौघांनी विचारलं, "गुणाजी, एकटाच?"

झाकण तिने मोकळं ठेवलं होतं. तिथे बसायचा होता महाराष्ट्राचा नकाशा, सभेत वाटलेला, भगव्या शाईचा. चाळीत तो एकच उरला होता. बाकीच्यांत लोकांनी शेंगदाणे बांधले होते.

राजाराम उद्या येणार आणि बकुळा आज नकाशा कापतेय. कोकणचा किनारा म्हणजे कात्रीची परीक्षा. एकेक खाडी वळवत ती रत्नागिरीवरून वर आली, अलिबाग ओलांडलं, मुंबईशी पोचली. एवढ्यात गॅलरीतून शेजारच्या आनंदीबाईंनी हाळी दिली, "पाणी आलं गं!"

चाळीत त्या हाकेला दचकत नाही असा माणूस नाही. हात हलला, कात्री मिटली, आणि मसुरीच्या डाळीएवढी मुंबई गळून पडली. वरून नळाकडे धावणाऱ्यांचा वारा. मुंबई गेली ती गेलीच.

"मुंबय खंय गेली गो?" राधाबाई खाली वाकून शोधू लागली. "सकाळी तर हंयच होती!"

मुंबई गेली, हे शब्द गॅलरीत पोचले मात्र, वरच्या मजल्यावरचे बाप्ये धोतर सावरत खाली आले. "काय म्हणता? दिल्लीचा निकाल लागला?" खरा प्रकार कळल्यावर गुणाजीने कपाळाला हात लावला. "दिल्लीवाल्यांना जमलं नाही ते तू केलंस पोरी!"

मग सगळी चाळ जमिनीवर. घडवंचीखाली, चुलीमागे, केरसुणीच्या काड्यांत. दुपार टळली तरी मुंबई मिळेना.

बकुळा भिंतीला टेकून बसली होती. "दादा हिच्यासाठी आत गेलाय," ती आईला म्हणाली. "आणि मी घरात बसून कापून टाकली. आता काय दाखवू त्याला?" थोड्या वेळाने उठून तिने सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

इथून पुढचं मी एकटीनेच पाहिलंय, तेव्हा नीट ऐका. मुंबई माझ्याच पोटात होती. उडाली तेव्हा मी ती वरच्या वर झेलली आणि सांध्यात धरून ठेवली. एक झुरळ ती पळवायला आलं, त्याची मिशी मी झाकणात पकडली. त्या मिशीने मला शिंक आली. अशी शिंकले की मुंबई उडाली आणि अलगद बकुळाच्या तळहातावर जाऊन बसली. तीच तिने चिकटवली. तीच! देवाशप्पथ.

दुसऱ्या दिवशी राजाराम आला, गळ्यात हार. राधाबाईने ओवाळलं. बकुळाने मला पुढे केलं आणि मान खाली घातली. त्याचं बोट नागपुरापासून निघालं, वऱ्हाड, खानदेश, नाशिक करत पश्चिमेला आलं, आणि मुंबईवर थांबलं.

"बकु," तो म्हणाला, "हिला आणखी एक हात पॉलिशचा दे. उद्या कोणाला उकरून काढता येता कामा नये."

"देते."

"आणि ते जाताना मी बोललो होतो ना..."

"काय बोलला होतास?"

"काही नाही. हत्ती झकास बसलाय."

तिने एक सोडून तीन हात दिले. मुंबई इतकी घट्ट बसली की तिकडे दिल्लीत ओढून ओढून लोकांचे हात दुखले, आणि शेवटी साठ साली त्यांनी नाद सोडला. इतिहासाच्या पुस्तकात हे नाही. त्या पुस्तकाची खळ कच्ची असणार, माझं पान गळून पडलं.

पुढे काही वर्षं पाहुण्यांपुढे माझा मान होता. मग बिल्ला गंजला, फुलांचा भुगा झाला, माझ्यात सुया, बटणं आणि तापाच्या गोळ्या आल्या. कौतुक ओसरलं. असो. मित्रांनो, मागणं एवढंच आहे. माझ्यावर गरम कप ठेवू नका, मला ओल्या फडक्याने पुसू नका. ज्या वस्तूवर कोणाचे डोळे आणि बोटं शिणली आहेत, तिला जपावं. आणि मुंबई उजेडात धरून फार निरखू नका, रंग उडतो. कुंदा, कुठे नेतेस मला? खिडकीकडे नको! कुंदे, ऐक...

"खोटं! सगळं खोटं!"

पेपर खाली आला. तांदळातली बोटं थांबली.

"बाबा, हे बघा, मुंबईला नख आहे! आणि इथे या परीची करंगळी कोणीतरी कापून घेतलीय!"