कर्ण्यातले ‘हलू’

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा कर्णा आहे. आवाज माझा मोठा, पण मी मूळचाच भित्रा. कोणी मला तोंडाला लावले की आजही माझा पत्रा थरथरतो. हसू नका, आधी ऐका.

उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये गोप नावाच्या विद्यार्थ्याच्या चाचाचे पत्र्याचे दुकान होते. फाळणीनंतर सिंध सोडून आलेले ते कुटुंब. चाचाने रॉकेलचे डबे कापून मला विद्यार्थी संघासाठी घडवले. मुंबईच्या कॉलेजांत शिकणारी आमच्या भागातली मुले त्या संघात होती, सिंधी आणि मराठी एकत्र.

मला हाती धरायची सरू. मांजर्ली गावच्या हरिचंद्रची मुलगी, घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. भातशेताच्या पलीकडच्या बांधावर असलेल्या बापाला हाका मारून तिचा आवाज खणखणीत झाला होता, म्हणून घोषणा द्यायला संघाने तिला पुढे केले. कॉलेजात मात्र ती गप्प असे. तिच्या घरच्या बोलीत ‘ळ’ नाही. तिने ‘काळा’ला ‘काला’ म्हटले की वर्गात खसखस पिके. माझ्याआड तिचे तोंड कोणाला दिसत नसे, त्यामुळे तिला धीर येई. लोक म्हणत, “काय दणदणीत कर्णा आहे!” आणि मी फुगून जाई.

१९५५ साल असावे. कॅम्पच्या बराकीतली अभ्यासिका बंद होणार, असे कळले. एकेका खोलीत अख्खे कुटुंब. मुलांनी अभ्यास करायचा कुठे? संघाने मोर्चा काढला. कॅम्पातली सिंधी बाया-माणसेही निघाली. वाटेत वालधुनी नदीवर एक लाकडी साकव होता.

सरू आधी पलीकडे पोचली आणि मागे वळून पाहू लागली. गोप साकवाच्या मध्यावर होता. तेवढ्यात फळ्या करकरल्या. सरूने मला तोंडाला लावले आणि ती ओरडली, “हलू! हलू हलू!”

तिला म्हणायचे होते ‘हळू’. पण मित्रांनो, सिंधीत ‘हलु’ म्हणजे चल! मागचे लोक जोराने पुढे सरकले. ती घाबरून आणखी ओरडली, “हलू रं बाबांनो, हलू!” तसे ते आणखी रेटू लागले. कठडा कडाडला. गोप त्याच्यावर दाबला गेला होता आणि खाली नुसते दगड होते. आता हा मरणार, आणि माझ्याच आवाजाने मरणार, असे मला वाटले.

“सरू! हलू मत बोल!” तो जिवाच्या आकांताने ओरडला. “बीहो बोल! बीहो!”

सरूला त्याचा अर्थ कळला नाही. परका शब्द, चुकला तर पुन्हा हसे. ती क्षणभर अडखळली. मग तिने डोळे मिटले आणि माझा पत्रा फाटेल अशी ती ओरडली, “बीहो! बीहो!”

सिंधीत बीहो म्हणजे थांबा. सगळे जागच्या जागी उभे राहिले. एका म्हातारीने गोपचा सदरा धरून त्याला मागे ओढले, आणि कठडा खाली दगडांवर कोसळला.

गोप पलीकडे आल्यावर सरू ढसाढसा रडली. “तुला मारला असता रं मी, गोप. आता मी नाय बोलनार.”

“बोलना तो पडेगा,” गोप म्हणाला. “पर पहले मेरेको पूछ.”

तेव्हापासून प्रत्येक घोषणा आधी चाचाच्या दुकानात दोघांच्या बोलीत म्हणून पाहिली जाई. पुढच्या वर्षी सरू संघाच्या निवडणुकीला उभी राहिली. भाषणात ‘काला’च म्हणाली, आणि तोंड लपवायला तिला मी लागलो नाही. मला ती घरीच ठेवून गेली होती. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

आता मी मांजर्लीत सरूच्या घराच्या माळ्यावर गंजतो आहे. मित्रांनो, मला हाती घ्याल तेव्हा पलीकडे कोण उभे आहे ते आधी पाहा. नावात माझ्या कर्ण, म्हणजे कान आहे, पण जन्मभर मी नुसते तोंडच झालो. कान तुम्हाला आहेत, ते सांभाळा.