एकविसाव्या दिवसाचा आकडा

रिपोर्ट हातात आला आणि शिंप्याच्या तोंडचं पाणी पळालं. वरच्या चार ओळी ठीक होत्या. पाचवीत, प्रोजेस्टेरॉनसमोर, साडेअकरा हा आकडा आणि पुढे ठळक अक्षरांत 'जास्त'. असायला हवा होता एकाहून कमी. बाहीत एवढी चूक झाली असती तर गिऱ्हाइकाने दुकान डोक्यावर घेतलं असतं!

लेक सतरा वर्षांची. चार महिने तिची पाळी मागेपुढे होत होती, म्हणून डॉक्टरीणबाईंनी ही तपासणी सांगितली होती. तिची आई जाऊन सहा वर्षं झाली. डबा, वेणी, तापातली जागरणं, सगळं त्याने निभावलं. पण हा विषय निघाला की त्याची दातखीळ बसे. त्याने थोरल्या बहिणीला फोन लावला. ती निवृत्त शिक्षिका, मागच्याच गल्लीत राहायची. पायात चपला सरकवून आलीच.

"ताई, माझ्या पोरीला काहीतरी मोठं झालंय गं."

"आधी पाणी पी. आणि गळ्यातला तो टेप ओढू नकोस, तुटेल."

उत्तरपत्रिका तपासावी तसा तिने रिपोर्ट पहिल्या ओळीपासून वाचला.

"समज, मी नुसतं म्हटलं, चौदा इंच. जास्त की कमी?"

"कशाचे? बाहीचे की कमरेचे?"

"बरोब्बर! हेही तसंच. हे हार्मोन महिनाभर एकाच मापाचं नसतं. पाळी आल्यावर पहिले काही दिवस अगदी कमी असतं. मग अंडाशयातून बीज सुटलं की चढतं, आणि पुढची पाळी जवळ आली की उतरतं. म्हणून आधी दिवस विचारायचा, मग आकडा वाचायचा. इथे लिहिलंय, पाळीचा पाचवा दिवस. पाचव्या दिवशी साडेअकरा म्हणजे जास्तच. पाळी आल्याची तारीख लॅबला दिली कुणी?"

शिंपी टाचण्यांची डबी आवरायला लागला.

"अरे, तुला विचारतेय."

"फॉर्म मी भरला. ती आत रक्त द्यायला गेली होती. तो रकाना रिकामा असला तर फॉर्म घेत नव्हते. मग टाकली एक... अंदाजाने."

"अंदाजाने! कापड कापलंस कधी अंदाजाने?"

"नाही."

"मग जा, विचार तिला."

"तूच विचार ना, ताई."

"मी विचारलं तर आजचं भागेल. पुढच्या वेळी काय करशील?"

लेक आतल्या खोलीत अभ्यास करत होती. दारात उभ्या शिंप्याचे कान तापले.

"बाळा, रक्त दिलंस तेव्हा... पाळीचा कितवा दिवस होता?"

लेकीचं पेन थांबलं. "एकविसावा. डॉक्टरांनी मुद्दाम तोच दिवस सांगितला होता. का रे?"

त्याने सगळं एका दमात सांगून टाकलं. लेक आधी बघतच राहिली, मग उशीत तोंड खुपसून हसली. "बाबा! माझी तारीख तू मनाने बनवलीस?"

"मग एकविसाव्या दिवशी साडेअकरा चांगलं?" त्याने वळून बहिणीला विचारलं.

"छान आहे. या महिन्यात बीज सुटलं, असं तो आकडा सांगतोय. पाळी मागेपुढे का होते, ते मात्र डॉक्टरीणबाईच बघतील. त्यांच्याकडे खरी तारीख घेऊन जा. लॅबलाही कळव."

शिंप्याने फोन उचलला, आणि नंबर लावायच्या आधी लेकीकडे पाहिलं. तिने मान हलवली. "सांग की."

"माझ्या मुलीच्या रिपोर्टवर पाळीची तारीख चुकलीय," तो म्हणाला. "चूक माझी. मी तिला विचारलंच नव्हतं. आता विचारलंय. लिहून घ्या."