मंगळवारचा आकडा

मंगळवारी सकाळी दहाला फोन वाजायचा, म्हणून योम ग्युसिक नऊपासूनच तयार असायचे. दाढी करायची, धुतलेला शर्ट चढवायचा, जवाचा चहा ओतून फोनशेजारी बसायचं. फोनवर दाढी कुणाला दिसते, असं विचारणारं घरात कुणी उरलं नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी दूर सुवॉन शहरात, तिचा फोन सणासुदीला. गोजे बेटावरच्या त्या घरात आठवड्यातून एकदाच कुणीतरी त्यांची विचारपूस करायचं, आणि तीही गुडघ्याची.

बुसानच्या एका हॉस्पिटलात गुडघेदुखीच्या दोन उपचारांची तुलना चालली होती. एका गटाला नवं इंजेक्शन, दुसऱ्याला नुसता घरच्या घरी व्यायाम. ग्युसिकच्या चिठ्ठीत व्यायाम निघाला. सोदाम नावाची तरुण नर्स दर मंगळवारी सगळ्यांना फोन करून दुखण्याचा आकडा टिपून घ्यायची.

"बाबा, शून्य ते दहा, आज किती दुखतंय?"

"सहा."

"अजून सहाच? भिंतीला पाठ लावून गुडघे वाकवता ना रोज? की नुसतं टेकून टीव्ही बघता?"

"टीव्ही बघतो. पण गुडघे वाकवून बघतो."

ती खळखळून हसायची. मग कागदावरचा शेवटचा प्रश्न यायचा, "आणखी कुठे दुखतंय का?" ते 'नाही' म्हणायचे, आणि त्या एका शब्दाला लागेल तेवढा वेळ लावायचे, कारण त्यानंतर फोन ठेवायचा असे.

खरं सांगायचं तर गुडघा केव्हाच बरा झाला होता. बायकोच्या थडग्यावरचं गवत कापायला ते टेकडी चढून जात. दम लागे, पण गुडघा कुरकुरत नसे. मात्र आकडा तीनच्या खाली गेला, की फोन एकदम सहा महिन्यांनी, असा हॉस्पिटलचा नियम होता. म्हणून सहा.

आणि हे करत कोण होतं? ज्याने उभा जन्म जहाजांच्या कारखान्यात पोलाद तपासण्यात घालवला, तो माणूस. नवं पोलाद आलं, की त्याचा तुकडा यंत्रात धरायचा, तुटेपर्यंत ताणायचा आणि किती ताणाला तुटला तो आकडा लिहायचा. एकदा एका पत्र्याचा आकडा जरासा कमी आला. साहेब म्हणाले, जरा वर सरकव, एवढ्याने काही बुडत नाही. ग्युसिक म्हणाले, बुडतं ते एवढ्यानेच. त्यावरून त्यांची बढती अडली ती अडलीच. सोबतचा बोंग चिडवायचा, "लग्नाच्या रात्री बायकोने विचारलं असेल, मी कशी दिसते? हा म्हणाला असेल, बासष्ट!" असला माणूस म्हातारपणी बिनदिक्कत थापा मारत होता. लाज वाटत नव्हती असं नाही. वाटायची, पण बुधवारी.

शरद ऋतूतल्या एका मंगळवारी सोदामचा आवाज उतरलेला होता.

"काय गं, जेवली नाहीस का?"

"जेवले बाबा. हे मी बोलायला नको खरं तर. पण तुमचा व्यायामाचा गट मागे पडतोय. प्रोफेसर म्हणतात, व्यायाम सांगण्यात वेळ घालवू नका, सरळ इंजेक्शन द्या. माझ्या आईचेही गुडघे गेलेत आणि तिला इंजेक्शन सोसत नाही. आता तिला काय सांगू?"

साहेबांचं ते 'जरा वर सरकव' ग्युसिकना लख्ख ऐकू आलं, आणि या वेळी तो आवाज त्यांचाच होता. मूग गिळून गप्प बसलं असतं तर पुढचा मंगळवार हातात होता.

"शून्य लिही," ते म्हणाले.

"काय?"

"माझा गुडघा दुखत नाही. उन्हाळ्यापासून दुखत नाही. मी खोटं सांगत आलो."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"का बाबा?"

"तुझा फोन बंद झाला असता."

ती हळूच म्हणाली, "मला प्रोफेसरांना सांगावं लागेल. तुमचे सगळेच आकडे काढून टाकतील. तुमचं नावही."

"टाकू देत. खोट्या आकड्याला जागा नाही. आईला मात्र सांग, भिंतीला टेकून गुडघे वाकव म्हणावं रोज. मी टेकडी चढतो."

"सांगते. ठेवू का मग?"

"थांब. शेवटचा प्रश्न राहिला."

आज त्यांना त्याचंही खरं उत्तर द्यायचं होतं. एकदा खरं बोलायला लागल्यावर जीभ थांबत नव्हती.

"नावच काढायचं म्हटल्यावर तो कशाला विचारायचा, बाबा? तब्येत सांभाळा हं."

"बरं, बरं. ठेव, पोरी."

फोन बंद झाला. रिसीव्हर कानाशी तसाच धरून ग्युसिक समोर जमिनीवरच्या बसायच्या रिकाम्या उशीकडे बघत राहिले. बायको तिथेच बसून जेवायची.

"दुखतंय," ते म्हणाले. "जेवायला बसलं, की जास्त. नऊ."

हा आकडा त्यांनी जराही वर सरकवला नव्हता.