सहा मिलिमीटर

टेनिसच्या स्पर्धेला दोन दिवस उरले असताना कॅमेरावाल्याने जाहीर केलं की मुख्य कोर्ट सहा मिलिमीटरने आखूड आहे. म्हणजे मागची एक रेघ आत सरकली आहे. ती खरवडा आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा मारा.

ज्या बाईने ती रेघ मारली होती, ती तेव्हा सरावाच्या कोर्टवर गुडघे टेकून चिकटपट्टी सोलत होती. अठरा वर्षं या स्पर्धेची सगळी हार्डकोर्टं तिनेच आखली. स्टेडियममध्ये तिला रेघवाली म्हणत, अगदी तोंडावर, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे. आधी हे काम तिचे सासरे करायचे. त्यांच्यानंतर तिचा नवरा करणार होता, पण त्याला वाकलं की चक्कर यायची. मग सुनेने ब्रश घेतला, आणि टेपचं दुसरं टोक धरायला नणंद आली. नणंद-भावजयीचं एका घरात पटत नाही म्हणतात. या दोघींचं चोवीस मीटरवरून छान पटायचं.

शहराचं तर या दिवसांत विचारूच नका. विमानतळापासून स्टेडियमपर्यंतचा रस्ता नवरीसारखा नटलेला, आणि शेजारच्या गल्लीतले खड्डे जसेच्या तसे. पाहुणे गल्लीत थोडेच येतात! बसच्या पाठीवर खेळाडूंचे हसरे चेहरे, दुकानांच्या काचांवर रॅकेटी. एवढी माणसं महिनाभर राबतात आणि शेवटी जग बघतं काय, तर चेंडू रेघेच्या आत पडला की बाहेर. ती रेघ आपल्या हातची आहे, याचा रेघवालीला माज होता. असेना! वाकून वाकून कमावलेला माज होता तो.

ती मुख्य कोर्टवर आली तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. टोपीखाली घामाघूम झालेला कॅमेरावाला पोलादी टेप जमिनीवर पसरून उभा होता. शेजारी स्पर्धेचे संचालक.

"बाई, यंत्र चूक दाखवतंय," संचालक म्हणाले.

"आणि यंत्राला मापं कुणी शिकवली?"

"मी," कॅमेरावाला म्हणाला. "या टेपने. कॅमेऱ्यांना आधी खरं माप द्यावं लागतं, मग ते चेंडू कुठे पडला ते सांगतात."

"कधी मोजलंत?"

"काल दुपारी. आज पुन्हा, आत्ताच."

रेघवालीने वाकून टेपला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. मग तिला हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना.

"अहो, पोलाद आहे ते. उन्हात लांबतं. लांबलेल्या टेपने मोजलं की कोर्ट आखूडच दिसणार! कोर्टचा थर वीतभर जाड, तो सावकाश तापतो. तुमची टेप दोन मिनिटांत तापते. नाचता येईना अंगण वाकडं, त्यातली गत झाली."

तिला हे पुस्तकातून कळलं नव्हतं. पहिल्या वर्षी तिनेही भर दुपारी मोजून दोन कोर्टं आखली होती. सासऱ्यांनी दोन्ही खरवडायला लावली आणि म्हणाले, "आता पहाटे ये." तेव्हापासून ती पहाटेच मोजायची.

संचालक घड्याळ बघत होते. "असेल तुमचं बरोबर. पण कॅमेरे पुन्हा लावायला अख्खा दिवस जातो. रेघ मारायला तुम्हाला दोन तास लागतात. मारा आणि विषय मिटवा. नाहीतर दुसरा कुणी मारेल, आणि पुढच्या वर्षीपासून तोच मारेल."

नणंदेने तिची बाही ओढली. "वहिनी, सहा मिलिमीटर गं! कुणाच्या बापाला कळणार आहे?"

"मला कळणार आहे ना."

अठरा वर्षांचं काम एका दुपारी जाणार होतं. पण मुद्दाम चुकीची रेघ मारायची, या विचाराने तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने रंगाचा रिकामा डबा त्या मागच्या रेघेवर पालथा घातला आणि त्यावर बसली.

"उद्या पहाटे याच टेपने मोजा. मी चुकले असेन तर ब्रश कायमचा घरी ठेवते. तोवर या रेघेला कुणी हात लावायचा नाही."

संचालकांनी दुसरा रंगारी बोलावला. तो आला, डब्यावर बसलेल्या बाईला त्याने पाहिलं आणि आल्या पावली परत गेला. चिकटपट्टी सरळ लावायला त्याला तिनेच शिकवलं होतं. नणंद पाण्याची बाटली घेऊन आली आणि शेजारी टेकली.

"बसायला सावलीतली रेघ नव्हती का तुला?" एवढंच ती कुरकुरली. दोघी दिवस मावळेपर्यंत तिथे बसल्या.

पहाटे कोर्ट गार होतं. कॅमेरावाल्याने टेप पसरली, वाकून आकडा वाचला. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजायला लागला तेव्हा नणंद म्हणाली, "अहो, हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"तेवीस मीटर सत्त्याहत्तर," तो हळू आवाजात म्हणाला. "बरोबर आहे." त्याचा चेहरा उतरला होता, पण त्याने आकडा लपवला नाही. लगेच कॅमेरे नव्याने लावण्यासाठी उतरवायलाही घेतले.

उन्हं वर आल्यावर संचालक एक कागद घेऊन आले. आता ते चांगलेच नरमले होते. कागदावर छापलं होतं : मुख्य कोर्टच्या रेघेतील चूक दुरुस्त केली. खाली सहीची जागा.

"काल चूक झाल्याचं वर कळवून बसलोय, बाई. आज दुरुस्ती दाखवायला हवी. एका शब्दाचा तर प्रश्न आहे. सही करा, पुढच्या वर्षीचं काम तुमचंच."

"मी काय दुरुस्त केलं?"

"काहीच नाही हो. नुसतं लिहायचं."

रेघवालीने पेन मागितलं. छापलेलं वाक्य तिने एका फटक्यात खोडलं, पट्टी न धरता, आणि रेघ सरळ आली. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं : रेघ बरोबर होती. टेप तापली होती. त्याखाली सही ठोकली.

"हे मी वर पाठवू शकत नाही," संचालक म्हणाले.

"नका पाठवू. पण माझी सही याच वाक्याखाली मिळेल."

"मग पुढच्या वर्षी बोलावण्याची वाट बघू नका."

"नाही बघत."

नणंदेने एकदा वहिनीकडे पाहिलं, तिच्या हातातलं पेन हिसकावलं आणि त्याच वाक्याखाली, सहीला सही लावून, आपलं पूर्ण नाव लिहिलं. मग पेन संचालकांसमोर धरलं.

"घ्या साहेब. खाली अजून जागा आहे."

संचालकांनी हात पुढे केला नाही. पेन कॅमेरावाल्याने घेतलं.