तिसरी कॉफी कुणाच्या नावाने

लोबानाच्या धुरात लुबाबा बसल्या जागीच निघून गेली होती. खाली वोलोचे डोंगर, वर ती, आणि पुढे समुद्रापलीकडचं शहर. तिथे म्हणे भर उन्हाळ्यात घरं गार असतात. पंधरा वर्षांच्या पोरीला स्वप्न पडायला झोप कशाला लागते?

"तिकडे भांडीसुद्धा मशीन घासतं," यिमाममामा दुसऱ्या कॉफीचा घोट घेत म्हणाला. सख्खा नव्हे, गावाचा मामा. मेल्याच्या जिभेवर साखर. इतक्या पोरी नेल्या, एकीची खुशाली सांगेल तर शपथ. "नवं नाव तेवढं पाठ कर. कागदावर तू फातुमा, वय पंचवीस."

"फातुमा," लुबाबाने हसत म्हणून पाहिलं. नाव हलकं वाटलं, नव्या ओढणीसारखं.

आमच्याकडे कॉफी तीनदा ओततात, तिसरी बरकतीची. ती ओतताना घरातली थोरली बाई जाणाऱ्याचं नाव घेऊन दुआ मागते. त्याशिवाय आमच्याकडे कुणी उंबरा ओलांडत नाही. थोरली म्हणजे अनशामावशी. तिकडे घरकाम करून परतल्यापासून ती गप्पच असे.

आईने कॉफीची मातीची सुरई उचलली. मावशीने हात पसरले. धूर तिच्या बोटांमधून वर जात राहिला.

"कुणाच्या नावाने मागू?"

"हे काय विचारणं झालं, ताई? लुबाबाच्या."

"जाणार तर फातुमा."

"अगं, ते कागदापुरतं."

"माझ्याबरोबर मेरिमा होती. कागदापुरती झैनबा. मालकीण कोंडून ठेवायची. पळायला म्हणून चौथ्या मजल्यावरून उतरायला गेली, आणि पडली. तिथेच वाळूत पुरली, झैनबा म्हणून. तिचं गाव मलाही ठाऊक नाही. तिची आई कुठेतरी अजून वाट बघत असेल."

"निघताना अभद्र बोलू नये, ताई. बस सुटेल."

लुबाबाला मावशीचा राग आला. शहर अजून दिसत होतं, गार, दिव्यांनी भरलेलं. तिला ते हवं होतं, अगदी जिवापाड हवं होतं. मग तिची नजर आईकडे गेली.

"आई, मी तिकडे मेले तर तू कुणाला शोधशील?"

आईने सुरई खाली ठेवली. यिमामच्या हातातला कप काढून घेतला. पाहुण्याशी असं वागलेलं आमच्या डोंगरात कुणी पाहिलं नव्हतं.

"ऊठ, यिमाम. तिसरी तुला नाही."

तो गेल्यावर लुबाबा आईच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडली. थोडी त्या शहरासाठीही रडली.